आधी पाहिलंस ते लिही

प्रश्न पुण्यातल्याच एका विद्यार्थिनीचा आहे. ती क्लिनिकल सायकॉलॉजीत साय.डी. ही डॉक्टरेट करते आहे आणि आता तिचा मनोरुग्णालयातला पूर्णवेळ इंटर्नशिपचा टप्पा सुरू होणार आहे. तिथे नेमकं काय शिकायला मिळतं, चाचण्यांची तयारी किती करून जावी, मोठं सरकारी रुग्णालय घ्यावं की खाजगी, आणि शेवटी, "आई घाबरली आहे, तिला काय सांगू?" असं तिनं विचारलं आहे.

मी या कामात पंचवीसेक वर्षं आहे. त्यातला मोठा काळ प्रशिक्षणार्थींवर देखरेख करण्यात गेला. तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

चाचण्यांपासूनच सुरू करते, कारण इंटर्न मुलं सगळ्यात जास्त तयारी त्यांचीच करून येतात. रोर्शाकची शाईच्या डागांची दहा कार्डं, चित्र पाहून गोष्ट सांगायची टी.ए.टी., बुद्धी मोजणाऱ्या वेश्लर, बिने-कामत, भाटिया, सगळी मॅन्युअलं पाठ. तयारी करू नको असं मी म्हणणार नाही. पण चाचणी घ्यायची कशी हे दोन महिन्यांत हाताला बसतं. ती कुणाची घ्यायची, कधी घ्यायची, आणि आज घ्यायची नाही हे कसं ओळखायचं, याला वर्ष पुरत नाही.

माझंच सांगते. प्रशिक्षणात असताना माझ्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा आला. शाळेनं पाठवलेला, बुद्ध्यांक काढून हवा होता. पहाटेच्या एस.टी.नं वडिलांबरोबर निघालेला, मग केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग. माझ्यापर्यंत पोचेतो दुपारचा दीड वाजला होता. मी बिने-कामत घेतली. नियमाप्रमाणे, घड्याळ लावून, एकही सूचना इकडची तिकडे न करता. आकडा आला ५८. छान रिपोर्ट लिहिला आणि माझ्यावर देखरेख करणाऱ्या सरांपुढे ठेवला. सरांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. "जेवला होता का तो?" मला माहीत नव्हतं. "रात्री झोपला किती?" माहीत नव्हतं. "घरात कुठली भाषा बोलतात?" विचारलंच नव्हतं. घरी ते लोक गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलायचे आणि मी त्याला शब्दांवर उभी असलेली मराठी चाचणी दिली होती.

पंधरा दिवसांनी त्याला परत बोलावलं. या वेळी भाटियाची चाचणी घेतली, जिच्यात ठोकळे आणि आकृत्या जास्त, बोलणं कमी. वडिलांना बसवून मुलगा घरी-दारी काय काय करतो ते विचारलं. तो शेरडं राखत होता, दुकानातून सुटे पैसे मोजून आणत होता, धाकट्या बहिणीला भाकरी करून घालत होता. नवा आकडा ७९ आला. मतिमंदत्वाची रेषा साधारण ७० च्या आसपास धरतात. म्हणजे माझ्या त्या छान रिपोर्टावर एक मूल रेषेच्या पलीकडे गेलं असतं आणि कागद जन्मभर त्याच्या मागे राहिला असता. कामतांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली ती १९३० च्या दशकात. आजही ती वापरली जाते. मी तिच्या विरोधात नाही. पण तिचे निकष कोणत्या काळातल्या मुलांवरून ठरले हे रिपोर्टात एका ओळीत लिहिण्याचा प्रामाणिकपणा हवा, आणि बहुतेक रिपोर्टांत ती ओळ नसते.

तर सरांचा एक नियम होता, तोच मी पुढे चालवते. फाइलमध्ये आधी पाहिलंस ते लिही, ऐकलंस ते लिही, आणि तुला काय वाटलं ते सगळ्यात शेवटी, वेगळ्या परिच्छेदात. सर आमच्या नोंदींमधल्या विशेषणांखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघा मारायचे. "रुग्ण असहकारी" असं लिहिलं की रेघ. मग ते विचारायचे, "त्यानं केलं काय?" मग आम्ही लिहायचो: तीन प्रश्नांना उत्तरं दिली, चौथ्याला उठून खिडकीशी गेला, परत बोलावल्यावर म्हणाला, 'हे कालच्या मॅडमनं विचारलं होतं.' आता बघ, यात असहकार कुठे आहे? त्या माणसाला एकच प्रश्न आठवड्यात तिघांनी विचारला होता. "नीटनेटका पोशाख", "अयोग्य हसू", "हट्टी", "नाटकी", हे सगळे शब्द त्या पेन्सिलीखाली गेले. पहिले सहा महिने मला सरांचा राग यायचा.

हे फक्त शिस्तीपुरतं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःचे वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क आहे. तू आज जे लिहिशील ते उद्या तो माणूस वाचू शकतो. "नाटकी" हा शब्द त्यानं वाचला तर तू त्याच्या तोंडावर तो उच्चारशील का, हे मनाशी विचारून मग लिही.

आता वॉर्ड. ओपीडीत माणूस पंधरा-वीस मिनिटं दिसतो आणि त्या वेळात तो स्वतःला सावरून बसलेला असतो. वॉर्डात तो दिवसभर असतो. जेवताना, दुपारी रिकामा असताना, रात्री सगळे झोपल्यावर. म्हणून माझा आग्रह असतो की पहिले दोन आठवडे इंटर्ननं चाचणीची पेटी उघडूच नये. वॉर्डात बसावं. मामा आणि मावश्यांशी बोलावं. सायकॉलॉजीची पोरं डॉक्टरांच्या राउंडमागे पळतात आणि मावशीला "जरा पाणी द्या हो" एवढंच बोलतात, हे मी दरवर्षी पाहते. कोण रात्री तीनला उठून बसतो, कोण औषध गालात धरून नंतर थुंकतो, कोणाला भेटायला शेवटचं कोण आलं होतं, हे सगळं मावशीला ठाऊक असतं. एकदा एका बाईंची नैराश्याची केस म्हणून आठवडाभर चर्चा चालली होती. त्या जेवत नाहीत, म्हणून भूक मंदावल्याचं लक्षण लिहिलं होतं. मावशी म्हणाल्या, "अहो, त्यांची खालची कवळी हरवलीय." कवळी मिळाल्यावरही नैराश्य होतंच, पण एक लक्षण कमी झालं.

भाषेबद्दल जरा जास्त बोलते, कारण हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडत नाही. तू इंग्रजीत शिकलीस. तुझ्या डोक्यात लक्षणांची यादी इंग्रजीत आहे. समोरचा माणूस म्हणतो, "जीव घाबरा होतो", "छातीत कालवल्यासारखं होतं", "डोक्यात मुंग्या येतात", "मन लागत नाही", "आतून काहीतरी उकळतंय". तू मनातल्या मनात भाषांतर करतेस आणि फाइलमध्ये "अँक्झायटी" लिहितेस. करू नकोस. त्याचा शब्द अवतरणात लिही. "मन लागत नाही" म्हणणारा माणूस उदास असेल, कंटाळलेला असेल, त्याला घरची आठवण येत असेल किंवा त्याचं लक्ष दुसऱ्याच कुठल्या आवाजाकडे असेल. चारही शक्यता वेगळ्या आहेत आणि चारांचे उपाय वेगळे.

"आवाज येतात का?" हा प्रश्न तर सगळे विचारतात आणि बहुतेक जण चुकीचा विचारतात. कानात शिट्टी वाजणारे म्हातारबाबाही "हो" म्हणतात. मनात विचार घोळणारी मुलगीही "हो" म्हणते. मी असं विचारते: आवाज कानावर येतो की मनात येतो? माणसाचा असतो का? तेव्हा खोलीत दुसरं कुणी असतं, तर त्यालाही ऐकू आला असता का? तो तुमच्याशी बोलतो की तुमच्याबद्दल बोलतो? आणि मग थांबते. थांबणं महत्त्वाचं आहे, कारण खरं उत्तर बऱ्याचदा पहिल्या "नाही" नंतर मिनिटभरानं येतं.

देवाचं काय करायचं? "माऊली माझ्याशी बोलते" असं एखादे वारकरी आजोबा म्हणाले, तर तो भास धरायचा का? "अंगात येतं" असं म्हणणाऱ्या बाईला छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) लिहायची का? मी कसोटी अशी लावते: त्यांच्याच गावात, त्यांच्याच दिंडीत, त्यांच्याच देवळात बसणाऱ्या माणसांना हे नेहमीचं वाटतं का? त्यांना वेगळं वाटायला लागलं असेल, तर कधीपासून? झोप, खाणं, काम, पैसे, यांत बदल कधी झाला? आजोबांच्या सुनेनं सांगितलं की माऊली तर तीस वर्षं बोलतात, पण गेल्या चार महिन्यांपासून त्या "विहिरीत बघ" म्हणायला लागल्यात. त्या चार महिन्यांत आम्हाला जे शोधायचं ते सापडलं. सून नसती तर आम्ही तीस वर्षांच्या भक्तीला आजार म्हटलं असतं, नाहीतर आजाराला भक्ती.

म्हणींचं तर विचारूच नकोस. मानसिक स्थिती तपासताना माणूस शब्दशः विचार करतो की त्याच्या पलीकडे जातो, हे पाहायला म्हणीचा अर्थ विचारतात. "नाचता येईना अंगण वाकडं" ही आमच्याकडे सगळ्यांची लाडकी. माझ्या एका इंटर्ननं ती तमाशाच्या फडात आयुष्य गेलेल्या एका बाईंना विचारली. त्या म्हणाल्या, "वाकड्या अंगणात खरंच नाचता येत नाही बाई. घुंगरू बांधून बघ, पाय मुरगळतो." इंटर्ननं लिहिलं: अमूर्त विचारात उणीव. मी तिला म्हटलं, तू एका तज्ज्ञ व्यक्तीला तिच्या विषयातला प्रश्न विचारलास आणि तिनं अचूक उत्तर दिलं. दुसरी म्हण विचार. "उथळ पाण्याला खळखळाट फार" विचारल्यावर बाई हसल्या आणि आपल्या एका जुन्या मॅनेजरचं नाव घेतलं. झालं, अमूर्त विचार शाबूत.

तसंच शंभरातून सात-सात वजा करण्याचं. शाळा न पाहिलेल्या माणसाला ते देऊ नकोस. "शंभराची नोट दिली, पासष्टची भाजी घेतली, परत किती?" असं विचार. मंडईत आयुष्य गेलेल्या बायका तुझ्या आधी उत्तर देतात. नाहीतर आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांग. आपल्याला लक्ष टिकतं का ते पाहायचं आहे. ती गणिताची परीक्षा होऊ देऊ नकोस.

उपचारांबद्दल थोडक्यात. तू विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी सी.बी.टी. शिकून येशील, मंत्रचळासाठी (ओ.सी.डी.) भीतीला थोडं थोडं सामोरं नेणारं एक्स्पोजर शिकून येशील. ते चालतं, अगदी चांगलं चालतं, पण वॉर्डात बसवताना त्याला घरचं वळण द्यावं लागतं. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातल्या बाईंचा हात धुण्याचा आजार कुठे संपतो आणि घरची रीत कुठे सुरू होते, हे तिच्या सासूला विचारल्याशिवाय कळत नाही. सासू म्हणाली, "मीही धुते, पण माझी बादली संपते तेव्हा मी थांबते." उपचाराचं ध्येय त्या एका वाक्यात मिळालं. तीव्र आजाराच्या पहिल्या आठवड्यात मात्र तंत्रांची घाई करू नकोस. त्या दिवसांत शेजारी बसणं आणि रोज त्याच वेळेला येणं एवढंच काम असतं. तू मंगळवारी अकराला येते म्हणालीस, तर मंगळवारी अकराला जा. वॉर्डातल्या माणसाकडे घड्याळ नसतं, पण तू आली नाहीस हे त्याला बरोबर कळतं.

नातेवाईकांना भेटणं हा या वर्षातला सगळ्यात कमी शिकवला जाणारा भाग. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत दाखवलं की रुग्णालयातून घरी गेल्यावर जिथे टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी जास्त असते, तिथे आजार लवकर उलटतो. पुढे चंदिगडला याचाच अभ्यास झाला, १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि तिथल्या घरांमध्ये ही तीव्रता लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. हे वाचून आपली मंडळी खूश होतात: बघा, आपली कुटुंबं किती छान! मला तेवढी खुशी वाटत नाही. तो अभ्यास होऊन बराच काळ लोटला, आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन खोल्यांत नवरा-बायको दोघंही शिफ्टला जात असताना आजारी भावाला सांभाळणं म्हणजे काय, ते मी रोज ऐकते. त्या भावाची बहीण चिडते, ती वाईट नसते, दमलेली असते. तिला "रागावू नका" असं सांगून पाठवणारा इंटर्न मी ओरडून परत बोलावलेला आहे. आधी तिला खुर्ची दे, पाणी दे, ती कधी झोपते ते विचार.

आणि मग ते लोक, ज्यांना घ्यायला कुणी येत नाही. मोठ्या मनोरुग्णालयात तुला ते भेटतीलच. बरे झालेले, गोळ्या नियमित घेणारे, आणि तरी दहा-पंधरा वर्षं तिथेच असलेले. कायद्याचं कलम १९ स्पष्ट आहे: घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. कागदावर. मी शिकत होते त्या रुग्णालयात एक आजी रोज विचारायच्या, "भाऊ आला का?" मी फाइलमध्ये "परिस्थितीची जाणीव कमी" असं लिहिलं होतं. सरांनी रेघ मारली. "तिला माहीत आहे तो येणार नाही," ते म्हणाले, "ती तुला विचारते, कारण तू नवीन आहेस. तू पत्र लिहिशील अशी तिला आशा आहे." मी पत्र लिहिलं. पत्ता बदललेला होता, परत आलं. समाजसेवा अधीक्षकांनी शोधलं तेव्हा भाऊ वारल्याचं कळलं. ते आजींना कुणी आणि कसं सांगायचं, यावर आमची दोन तास चर्चा झाली. तो माझ्या प्रशिक्षणातला सगळ्यात उपयोगी दिवस असेल, आणि त्या दिवशी मी एकही चाचणी घेतली नव्हती.

कायद्याची पुस्तिका मात्र पहिल्या आठवड्यातच वाच. रुग्णाशी बोलायला बसण्याआधी तो कोणत्या कलमाखाली दाखल आहे ते केसपेपरवर बघ. कलम ८६ खाली स्वतःच्या इच्छेनं आलेला माणूस "मला घरी जायचंय" म्हणाला, तर त्याचा अर्थ वेगळा. कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे कायद्यानं रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावरून, जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी दाखल झालेला म्हणाला, तर वेगळा. तू उत्तर देऊ नकोस, पण कुणाकडे न्यायचं ते तुला माहीत हवं. भूल न देता शॉक देण्याला बंदी आहे, साखळीनं बांधण्याला बंदी आहे, हेही तिथेच वाचशील. शॉकचं नाव ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल. एकदा सकाळी भूलतज्ज्ञांसमोर तो प्रत्यक्ष बघ आणि मग मत बनव.

गुप्ततेबद्दल इंटर्न मुलं अडखळतात. "मॅडम, कुणाला सांगू नका" म्हटलं की ती लगेच वचन देऊन बसतात. देऊ नकोस. पहिल्याच भेटीत सांग की तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मी सरांना सांगणार. आणि अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. हे आधी सांगितलं की माणूस कमी बोलेल अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे.

मरण्याचे विचार येतात का, हे सरळ विचार. "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" एवढं स्वच्छ. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. गोल गोल विचारलंस तर गोल उत्तर मिळतं. आणि हेही तुला आत्ताच सांगते, नंतर कुणी सांगणार नाही: या क्षेत्रात राहिलीस तर कधीतरी तुझा एखादा रुग्ण जाईल. माझा गेला आहे. त्या आठवड्यात मला कुणीतरी रोज चहाला घेऊन बसलं म्हणून मी टिकले. तू जिथे जाशील तिथे असं कुणी आहे का, हे आधी बघ.

म्हणजे आपण जागा निवडण्यावर आलोच. पुणेकरांना येरवडा म्हटलं की तुरुंग तरी आठवतो नाहीतर मनोरुग्णालय. लहानपणी आम्हीही एकमेकांना "तुला येरवड्याला पाठवायला हवं" म्हणायचो. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय २,५४० खाटांचं, राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. ससूनच्या आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. व्यसनमुक्तीचं काम बघायचं असेल तर मुक्तांगण. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी ते सुरू केलं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. याशिवाय खाजगी रुग्णालयं आणि सर्वसाधारण रुग्णालयांतले मनोविकार विभाग.

मोठ्या सरकारी जागी आजारांची विविधता आणि दीर्घ मुदतीचे रुग्ण दिसतील, गर्दी असेल, खोली मिळणार नाही, पंखा मिळाला तर नशीब. खाजगीत वेळ मिळेल, खोली मिळेल, पण रुग्ण आठ-दहा दिवसांत घरी जाईल आणि पुढे काय झालं ते तुला कळणार नाही. सर्वसाधारण रुग्णालयात मेंदूचे, हृदयाचे, भाजलेले, बाळंतिणी, सगळ्यांसाठी बोलावणी येतात. मी असं सांगेन की नावावर जाऊ नकोस. एकच गोष्ट विचार: माझ्यावर देखरेख कोण करणार आणि आठवड्यात किती तास? ती व्यक्ती आर.सी.आय.च्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, केंद्रीय नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदलेली आहे का? ती तुझ्या नोंदी वाचते, की फक्त सही करते? आधीच्या इंटर्नना गाठून विचार. "सर खूप बिझी असतात" असं उत्तर आलं, की पुढची जागा बघ.

नोंदणीचं मुद्दाम म्हणते, कारण इथे लोक फसतात. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यानुसार परिषदेनं मान्य केलेलं प्रशिक्षण घेतल्याशिवाय ती नोंदणी मिळत नाही, मानसशास्त्रात पीएच.डी. असली तरी. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये एम.फिल. बंद केलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कसाठी २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. अभ्यासक्रमांची नावं बदलत राहतात, म्हणून प्रवेश घेताना परिषदेच्या यादीत संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आणि पंधरा दिवसांच्या "इंटर्नशिप"चे पैसे घेऊन रंगीत प्रमाणपत्र देणारी दुकानं शहरात बक्कळ झाली आहेत. एम.ए.च्या मुली त्यांच्यात महिन्याचा खर्च घालवतात आणि एका खुर्चीत बसून दुसऱ्याचं बोलणं ऐकून येतात. त्याला इंटर्नशिप म्हणू नये एवढंच माझं म्हणणं.

तुझ्या मैत्रिणी अमेरिकेच्या गप्पा मारत असतील, म्हणून तेही. तिथे डॉक्टरेटच्या शेवटी वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप करावी लागते. जागा आणि उमेदवार दोघंही आपापल्या पसंतीची यादी देतात आणि संगणक जोड्या लावतो. १९९९ च्या आधी एका ठरलेल्या दिवशी फोनवर सगळं चालायचं, फोनजवळून हलायचं नाही! त्या जोड्या लावणारी रीत बसवणाऱ्यांपैकी ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला त्यात हेवा वाटतो तो एका गोष्टीचा: मान्यताप्राप्त इंटर्नशिपमध्ये आठवड्याला किमान चार तास देखरेख, त्यातले दोन समोरासमोर एकट्याला. आपल्याकडे दर आठवड्याला एक तास सलग मिळाला तरी मी त्या जागेला चांगलं म्हणेन. तो तास फुकट घालवू नकोस. भेट संपल्यावर पंधरा मिनिटांत आठवेल तसं संभाषण लिहून काढ, तू काय बोललीस तेही, आणि ते घेऊन जा. जिथे तुला लाज वाटते तो भाग वगळशील. मीही वगळायचे. सरांना तो कसा कळायचा कोण जाणे. बहुधा पानावर अचानक विशेषणं वाढायची म्हणून.

सुरक्षिततेचं आता. लांब ओढणी, लोंबते कानातले, गळ्यात घट्ट पट्ट्याचं ओळखपत्र, हे घालू नकोस. बसताना दोघांनाही दाराकडे जायची वाट मोकळी हवी. तुलाच नाही, त्यालाही, कारण कोंडलं गेल्यावर घाबरलेला माणूस अंगावर येतो. एकटी आत जाताना सिस्टरना सांगून जा. घरचा पत्ता, स्वतःचा नंबर, समाजमाध्यमावरची मैत्री, तिन्हीला नाही. कुणी लाडू दिला तर वॉर्डात सगळ्यांमध्ये वाटून खा. पंचवीस वर्षांत माझ्यावर एकदा चप्पल फेकली गेली आणि एकदा चहा सांडला. एवढाच हिशेब सगळ्यांचा असेल असं नाही, पण रस्त्यावर दुचाकी चालवताना मला जास्त भीती वाटते.

आईला काय सांगायचं? माझी आई वर्षभर शेजारी "ती ससूनला जाते" म्हणून सांगायची. मनोरुग्णालय हा शब्द तिनं घरात उच्चारला नाही. माझ्या लग्नाचं बघत होते ना. मी वाद घालून दमले आणि सोडून दिलं. पुढे तिच्या भिशीतल्या एका मैत्रिणीच्या सुनेला बाळंतपणानंतर झोपच येईना, बाळाकडे बघून रडायची. त्या रात्री आई माझ्या खोलीत आली, दिवा न लावता कॉटच्या कडेला बसली आणि हळूच म्हणाली, "तुमच्या तिथे बायकांच्या डॉक्टर कुठल्या वारी बसतात गं?"